बरा झालेला माणूस

"हॅलो?… हां, मालनताई, बोला… नाही हो, जेवणं कुठली, आत्ता तर कणीक मळतेय… आई बाजारात गेल्यात, मच्छीला… एकट्याच. त्यांना कोण अडवणार?… हो, तब्येत छान आहे त्यांची… बोला ना."

लालबागच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, सीमा मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून परातीवर वाकली होती. बदलापूरला राहणाऱ्या या थोरल्या नणंदेचा फोन एरवी रविवारी यायचा. भावाशी बोलायची, आईशी बोलायची, आणि शेवटी उरलंसुरलं 'बरी आहेस ना' सीमाच्या वाट्याला यायचं. आज आडवारी सकाळी आला, तोही थेट तिच्याच मोबाइलवर. म्हणजे बातमी पोचली होती.

"…हो, खरं आहे… गेला… अहो, गेला म्हणजे घर सोडून गेला, भलतंसलतं काय बोलता! प्रभादेवीला खोली घेतलीय भाड्याने… गेल्या आठवड्यात… तुम्हाला कोणी सांगितलं, श्रेयाने?… आईंनी. बरं… नाही, भांडण नाही झालं… ताई, ऐका ना… नाही झालं म्हणतेय ना! झालं असतं तर बरं झालं असतं. मिटवता तरी आलं असतं…

"बाई?… कुठली बाई?… अहो, मी विचारलं नसेन का? पहिलं तेच विचारलं. कोणी नाही… एकटा राहतो. स्वतः कुकर लावतो… हो, तोच. ज्याला घरात मिठाचा डबा सापडायचा नाही… श्रेया जाऊन आली ना. म्हणाली, बाबांचा भात थोडा चिकट होतो, पण करतात."

श्रेया आणखीही काही म्हणाली होती. 'आई, राग नको मानूस, पण बाबा पहिल्यांदाच मला बरे दिसले.' सीमाने राग मानला नाही. दोन दिवस ती लेकीशी कामापुरतंच बोलली, एवढंच.

फोनमध्ये मध्येच टूं-टूं झालं. कोणीतरी दुसरं लावत होतं. असेल कुरियरवाला, कणकेच्या हातांनी कोण बघणार?

"काय म्हणालात?… हो, मीच नेलं त्याला तिकडे… वेड्यांचा डॉक्टर नाही हो, काउन्सेलर… ताई, तेव्हा तुम्ही कुठे होतात?… सॉरी. तसं नाही म्हणत मी… पण आठवा ना जरा. छातीत दुखतंय म्हणून कितीदा हॉस्पिटलात पळवला त्याला. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, सगळं नॉर्मल. आणि माणूस बाथरूमच्या लादीवर बसलेला, घामाने थबथबलेला. सीमा, मी जातो आता, सीमा, मी जातो… ऑफिसला निघायचा आणि गेटपासून परत यायचा. लिफ्टमध्ये जीव घुसमटतो म्हणून सात मजले चढून… तुम्ही काय सांगितलंत? दृष्ट काढ. काढली की! मीठ, मोहरी, मिरच्या, काही ठेवलं नाही. आईंनी नारळ फोडले… शेवटी कॅज्युअल्टीतली डॉक्टरीणच म्हणाली, काका, हृदय ठणठणीत आहे तुमचं, मनाचं बघा…

"ब्रेंडा. ब्रेंडा मॅडम… हो, ख्रिश्चन. मग?… अहो, कसलं बाटवतायत! दीड वर्षात देवाचं नाव काढलं नाही त्या बाईंनी… मराठी? तुमच्यामाझ्यापेक्षा चांगलं बोलतात. गिरगावातल्या आहेत, कैक पिढ्या… ताई, आग लागली ती घराला लागली. बाईंच्या धर्माचं काय घेऊन बसलात?"

दर गुरुवारी संध्याकाळी सीमा नवऱ्याला, विनीतला घेऊन दादरला जायची. पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत, केमिस्टच्या दुकानावर पहिल्या मजल्याला ती खोली. तो वर जायचा आणि ती चर्चच्या पायरीवर बसायची. सुरुवातीला तो तासभर नुसता पंख्याकडे बघत बसायचा, म्हणे. बाई बसू द्यायच्या. मग एका गुरुवारी त्यांनी विचारलं, तुमचे वडील गेले तेव्हा त्यांचं वय काय होतं? विनीतने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं त्याला. गणपतराव एकोणपन्नासाव्या वर्षी गेले होते, ऑफिसात, खुर्चीतच, छातीत कळ येऊन. विनीतला नुकतंच एकोणपन्नासावं लागलं होतं. घरात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्याच्याही नाही. त्याच्या छातीला मात्र पाठ होतं.

"…तेच सांगतेय ना, ताई. ते त्याला कळलं आणि मग हळूहळू… एका दिवसात नाही. मध्येच परत दुखायचं, परत थांबायचं. पण लिफ्टने जायला लागला. झोपायला लागला… बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता, आठवतं?… तुमच्या काकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं ना त्याला, तू रडलास तर आईकडे कोण बघणार. अठरा वर्षांचा होता हो!… आणि लगेच बाबांच्या ऑफिसात, बाबांच्या जागेवर. अनुकंपा तत्त्वावर… हो, घर चाललं त्याच्यावर, नाही कोण म्हणतंय? तुमचं लग्नही झालं. मांडवात बाबांचं उपरणं घेऊन उभा होता, फोटो आहे ना आपल्याकडे. तुम्ही हसताय, आई डोळे पुसतायत, आणि हा एवढ्या मोठ्या उपरण्यात… मी तो फोटो किती वेळा बघितला असेल. मला कधी दिसलं नाही. मॅडमनी त्याला ते दाखवलं."

मग विनीतला एकेक गोष्ट दिसायला लागली. सोलकढी त्याला कधीच आवडली नव्हती, बाबांना आवडायची. मंडळाचं खजिनदारपद बाबांचं होतं, ते त्याच्या गळ्यात तसंच अडकलं होतं. गुरुवारी परत येताना तो सीमाला हे सगळं सांगायचा, शाळा सुटलेल्या मुलासारखा, रस्ताभर. मंडळाला त्याने हात जोडले. काकांना नाही म्हणाला. 'अगदी बाबांसारखो दिसतंस' म्हणणाऱ्या आईलासुद्धा एकदा शांतपणे म्हणाला, तसं नको म्हणूस. शेवंतीबाई दोन वेळा जेवल्या नाहीत, आणि सीमा ओट्याकडे तोंड करून हसली. इतक्या वर्षांत त्या घरात तिची बाजू कोणी घेतली नव्हती. आता नवऱ्याच्या तोंडून एकेक 'नाही' निघत होता आणि तिला तो आपलाच विजय वाटत होता. आपणही त्याच रांगेत उभ्या आहोत, आणि रांग पुढे सरकतेय, हे तिला कळलं नाही.

"…मग माझी पाळी आली. दुसरं काय?… शनिवारी दुपारी. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. समोर येऊन बसला. म्हणाला, सीमा, माझी नोकरी बाबांची, माझी खुर्ची बाबांची. लग्नही बाबांनीच ठरवलेलं… हो ना. बाबा आणि आमचे अण्णा, एका टेबलावर चहा पिता पिता व्याही झाले. मी तेव्हा पाचवीत असेन… मग बाबा गेले आणि आईंनी त्यांचा शब्द पाळला… तो म्हणाला, मी तुला कधी निवडलंच नाही… मी? मी म्हटलं, मी तरी तुला कुठे निवडला होता? पण मी राहिले ना!… मी म्हटलं, म्हणजे मीसुद्धा अनुकंपाच का रे?… नाही, चिडला नाही. रडला. म्हणाला, सीमा, तुझं काही चुकलं नाही…

"तेच तर, ताई. चुकलं असतं तर सुधारलं नसतं का मी?"

तिने कणकेचा गोळा उलटा करून परातीत आपटला. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ती विनीतला ओळखत होती. म्हणून लग्नानंतरही 'अहो' तिच्या तोंडात बसलं नव्हतं. सासूने त्यावरून वर्षानुवर्षं ऐकवलं. इतक्या जवळून ओळखलेल्या माणसाने एवढी साधी गोष्ट सांगायला इतकी वर्षं लावावीत, हे तिला सोसत नव्हतं.

"…नाही, मॅडमनी नाही सांगितलं सोडून जा. मी फोन केला होता त्यांना. वाट्टेल ते बोलले. आमचा संसार मोडलात, सुखी व्हाल का, असलं सगळं… ऐकून घेतलं. म्हणाल्या, त्यांच्याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. तुम्हाला स्वतःसाठी कोणाशी बोलावंसं वाटलं तर दुसऱ्या चांगल्या बाईंचं नाव देते… मी फोन आपटला… नाही ना, मी त्यालाही विचारलं. तर म्हणाला, उलट त्याच म्हणायच्या, घाई करू नका, नीट बघा, कोणाला सोडताय आणि कशाला सोडताय. चार महिने हेच बोलत होतो… चार महिने, ताई! वर तो मला कसं सोडायचं ते बोलत होता. आणि खाली मी त्याच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन बसले होते."

टूं-टूं. परत.

"नाही, ऐकतेय… काय करू म्हणता?… त्याच्या खोलीवर जाऊन? पाया पडू?… आणि काय सांगू?… जिवाचं बरंवाईट करून घेईन?… ताई, शुद्धीवर आहात ना तुम्ही?… येईल. हो, येईल की. माहितेय मला. कोणी मरायला टेकलं असं नुसतं कळलं तरी धावत येईल, बॅग घेऊन येईल… आणि मग? परत ती लादी, परत तो घाम… हो, संसार म्हणजे तडजोड, मला शिकवू नका. मी केलीय… तुम्हाला खरं सांगू? आजारी होता तेव्हा माझा होता तो. मी हात धरून रस्ता ओलांडून न्यायचे त्याला. बरा झाला तसा स्वतःचा झाला. आता यात मी काय करायचं, सांगा मला…

"काय?… परत बोला… 'तू काही करू नकोस, मी केलंय'… म्हणजे? काय केलंत?… कधी?… कोणाला झालंय? आईंना?"

सीमाने खांद्यावरचा फोन हातात घेतला, कणकेच्या हातानेच.

मालनने सांगितलं ते असं. थोड्या वेळापूर्वी तिने भावाला वरळीच्या ऑफिसात फोन केला होता. आई घरात कोसळली, बोलत नाही, डॉक्टर आलेत, असशील तसा निघ. तो निघाला होता. आता सीमाने एवढंच करायचं होतं: आई आली की तिला समजावून पलंगावर झोपवायचं, खिडकी लावायची, आणि तो दारात दिसला की रडायचं. पुढचं सगळं आपोआप होईल.

"अहो, पण आई बाजारात आहेत!… बांगडे आणायला गेल्यात त्या!… तो मला फोन नाही का करणार विचारायला?…"

तिने फोन कानापासून दूर धरून स्क्रीन बघितली. पिठाच्या बोटांखाली विनीतचं नाव होतं. चारदा.

"…अच्छा. म्हणून. म्हणून इतका वेळ धरून ठेवलंत मला. बाई कुठली, मॅडम कुठल्या… मघापासून टूं-टूं वाजतंय, तो आहे तो."

मालन पलीकडून घाईघाईने बोलत राहिली. सीमाने खुर्ची ओढली आणि बसली. किती सोपं होतं! खोटं मालन बोलली होती. सीमाने बोट उचलायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. तो येईल, आईचा हात धरून बसेल, आज परत जाणार नाही. उद्या शेवंतीबाई डोळ्याला पदर लावतील, परवाही जाणार नाही. पुढच्या आठवड्यात बॅग येईल. गुरुवार बंद होतील. तो समोर बसून सोलकढी पिईल आणि कसली झालीय विचारलं की छान म्हणेल. आणि कधी कळलंच त्याला, तर दोष बहिणीचा. सीमाला तो दारात उभा दिसला, आणि तिला तो हवा होता. खोटं कशाला बोला, तसाही हवा होता, घामाने थबथबलेला.

दारात किल्ली फिरली. शेवंतीबाई पिशवी घेऊन आत आल्या.

"कोणाचो फोन गो?"

"मालनताईंचा, आई."

"दी माका."

"देते. बसा जरा."

पण त्या बसतायत कुठे? मच्छीवालीने कालचे बांगडे आजचे म्हणून कसे गळ्यात मारायला बघितले आणि आपण कल्ले उघडून कसे परत दिले, हे मोठ्याने सांगत त्या मोरीत शिरल्या आणि पाटावर बसून विळी लावली. सीमा त्या वाकलेल्या, दणकट पाठीकडे बघत राहिली. मालन फोनमध्ये 'हॅलो, हॅलो' करत होती.

"…आहे, ऐकतेय. आई आल्या… ठणठणीत आहेत. मोरीत बसून बांगडे साफ करतायत… नाही, ताई. नाही झोपवणार मी त्यांना… नाही. आता तुम्ही ऐका. तो टॅक्सीत एकटा आहे. छातीवर हात दाबून बसला असेल… कळतंय का तुम्हाला, तो कोणाकडे धावत सुटलाय?… बाबा गेले त्या दिवशी कॉलेजात फोन आला होता ना त्याला? बाबा कोसळले, बोलत नाहीत, असशील तसा निघ… तुम्हीच केला होता ना तो फोन, ताई?… शब्दसुद्धा तेच वापरलेत हो!…

"रडू नका… ताई, रडू नका. माहितेय मला, तुम्ही मुद्दाम नाही… तुम्ही तरी तेव्हा केवढ्या होतात! पण तुमचे बाबा गेले, ताई. तो तुमचा बाबा नाहीये. धाकटा भाऊ आहे तुमचा… मला काय मिळणार यातून? काही नाही… हो, मूर्ख आहे मी… हो, माझ्याच हाताने… म्हणा काय म्हणायचं ते. संध्याकाळी फोन करा आणि सगळं म्हणा, मी ऐकेन. आता ठेवते… ठेवते म्हटलं ना!"

तिने कट केला. साडीला हात पुसले, आणि विनीतचा नंबर लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्याने उचलला.

"हॅलो, विनीत?… ऐक. आधी ऐक माझं. आईंना काही झालेलं नाही… काही नाही रे. समोर बसल्यात माझ्या… हो, शपथ. थांब, आवाज ऐक. आई, बांगडे किती आणलेत?"

"पुरे होतीत तितके हाडलंय," मोरीतून खणखणीत उत्तर आलं. "कोणाक सांगतंस? विनूक काय?"

"…ऐकलंस?… हो, मालनताईच. ते नंतर. आता आधी श्वास घे… कुठे पोचलास?… टॅक्सी कडेला घ्यायला सांग… सांग त्याला… घेतली? आता दार उघड. दोन्ही पाय खाली जमिनीवर टेकव… टेकव रे. हां. आता सोड. घेऊ नकोस, आधी सोड. सावकाश… परत… नाही, मरत नाहीयेस. मी आहे फोनवर… परत सोड…"

पलीकडून हॉर्न ऐकू येत होते, आणि त्यांच्या मधोमध त्याचा श्वास. आधी फाटका, चिंधीसारखा. मग थोडा लांब. मग आणखी थोडा. सीमा डोळे मिटून उभी होती. दीड वर्षापूर्वी हाच श्वास तिने या घरात कितीदा ऐकला होता, आणि तेव्हा तिला काय करायचं ते ठाऊक नव्हतं. ते त्यानेच शिकून येऊन तिला सांगितलं होतं.

"…बरं वाटतंय?… नक्की?… पाणी आहे का जवळ?… मग टॅक्सी वळव. ऑफिसला जा, नाहीतर खोलीवर जा, पड जरा… नको. इकडे नको येऊस… आईंना मी सांगते काय ते… नको, आज नको. चहालाही नको, विनीत… उपकार कसले त्यात! एवढं तर शेजारणीनेही केलं असतं… मॅडमना सांग गुरुवारी, असं असं झालं म्हणून. आणि ताईंवर ओरडू नकोस, त्या रडतायत तिकडे… काय?

"…नको विचारूस. मी कशी आहे ते नको विचारूस… नको ना रे… कारण विचारलंस तर मी ये म्हणेन. आणि तू येशील…

"ठेव आता… नाही, मी नाही ठेवणार. तूच ठेव."

त्याने ठेवला.